मोजणी

आमच्या तेलावीकडे वाइनची मडकी जमिनीत पुरतात, गळ्यापर्यंत.
झाकण लावलं तरी आत बुडबुडत असतं काहीतरी,
जिवंत.
माझा जुंबेर मात्र रोज रात्री
झाकण बसल्यासारखा गप्प व्हायचा.

आधी घोरणं, आख्खं घर करवतीखाली.
मग एकदम काहीच नाही.
मी मोजायचे. नऊ. चौदा. एकोणीस.
चोविसाला बरगडीत कोपर मारायचे
आणि तो बुडता बुडता वर यायचा,
हवेचा एक मोठा घोट, कूस बदलून परत करवत.
सकाळी म्हणायचा, झकास झोप लागली.
आणि अंगणात उभ्या उभ्या पेंगायचा.

तेवीस वर्षं हा गावचा तमादा,
मेजवानीत उठून बोल बोलणारा,
प्रत्येक बोलामागे पेला रिता करणारा.
लग्न असो, बाप्तिस्मा असो, मेल्याचा चाळिसावा दिवस असो.
त्याच्या पोटाला लोक गावाचं पोट म्हणायचे,
कौतुकानं.

गेल्या साली भरदुपारी ट्रॅक्टरवर डोळा लागला.
द्राक्षांच्या दोन ओळी आडव्या,
सासऱ्यांनी लावलेल्या.
त्याला खरचटलंही नाही.
मोडक्या खुंटांपाशी बसून राहिला कितीतरी वेळ,
मग म्हणाला, लमारा, रात्री तू काय मोजतेस?

तिबिलिसीच्या डॉक्टरीणबाईंनी एक रात्र त्याला तारांत गुंडाळून झोपवलं.
सकाळी कागद वाचून दाखवला:
तासाला एकेचाळीस वेळा थांबतो.
मुखवटा दिला, नळीचा.
नातू टाळ्या पिटत म्हणाला, आजोबा हत्ती!
दोन आठवडे हत्ती भिंतीकडे तोंड करून यंत्राशी भांडला.
तिसऱ्यात झोपला.
आणि बाई म्हणाल्या होत्या, श्वासाचं यंत्र बघेल,
ताटाचं तुम्ही बघा.

मग माझं स्वयंपाकघर बदललं.
चीज भरलेली खाचापुरी रविवारी, तीही एकच फोड.
एरवी घेवड्याचं लोबिओ, पालक-अक्रोडाचे गोळे,
आंबट आलुबुखाराची चटणी.
उजेड असताना जेवण. मग झऱ्यापर्यंत चालणं.
पहिला महिनाभर अर्ध्या वाटेवरच्या दगडावर बसायचा तो,
आता त्या दगडाला त्याचं नाव पडलंय.
उताणा झोपू नये म्हणून सदऱ्याला पाठीवर खिसा शिवला,
आत दोन अक्रोड.
ते फुटले.
मग नातवाचा चेंडू.
सिगारेट लगेच सुटली नाही,
कोठारामागून धूर दिसायचा.
मी बघून न बघितल्यासारखं केलं.
सगळं एकदम मागितलं असतं तर काहीच मिळालं नसतं.

द्राक्षं उतरवली त्या रात्री लांब मेज, तीस माणसं.
जुंबेर उठला, हातात शिंग.
शिंगात पाणी.
आमच्यात पाण्यावर बोल बोलणं म्हणजे शिवी.
म्हणाला,
"पूर्वजांसाठी प्यालो. मातीसाठी प्यालो. वैऱ्यांसाठीसुद्धा.
आज हिच्या बोटांसाठी.
रोज रात्री थोडा थोडा मरत होतो मी,
आणि ही बोटं माझा हिशेब ठेवत होती."

मेज गप्प.
सवयीनं मी मोजायला लागले.
पाच. अकरा. सोळा.
मग टोकाला बसलेला ओतार, लाल मानेचा, गरजला,
"उद्या दूध पिशील!"
सगळे हसले, जुंबेरही.
पेले वाजले.

नंतर मोरीपाशी ओतारची त्सियाला आली.
मघाशी तिनं सुरई नवऱ्यापासून वीतभर लांब सरकवली होती,
ते मी पाहिलं होतं.
ताट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"कितीपर्यंत मोजायचीस?"

मी नळ बंद केला.
बाहेर ओतार गात होता, भरघोस, बेसूर.
"चोवीस," म्हटलं. "तुझं?"

ती तेच ताट पुसत राहिली.