डाव्या दाराची काच

पहाटे साडेपाचला चोक ओढते,
दोनदा पंप मारते, तिसऱ्यांदा पाय आवरते.
तिसऱ्या पंपाला ती रुसते, प्लग भिजतात.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
इलाही मिस्त्रींनी उद्यमनगरात,
लेथच्या वर आवाज चढवून
चौदा वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं:
"गाडी बोलत असती. तू मधी बोलू नको."

पद्मिनी, त्र्याऐंशीची.
रंग कागदोपत्री पांढरा.
अण्णांनी घेतली, अण्णांनीच ठोकली,
गंगावेशीत, दुधाच्या सायकलीला चुकवताना.
दूध वाचलं. डाव्या मागच्या दाराची काच गेली,
तिथं अकरा वर्षं प्लायवूड आहे.
प्लायवूडमधून रंकाळा दिसत नाही.
एवढ्यासाठी मी कणकवलीला निघाले आहे.

बँकेत सांगितलं, लग्नाला जाते.
कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.
शेहेचाळिसाव्या वर्षी
रजेच्या अर्जाला एवढा मान मिळतो.

फुलेवाडी, बालिंगा, कळे.
पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं
तिसऱ्या गिअरात आम्ही दोघी, कान लावून.
टॅपेटची टकटक: तो आजार नव्हे, वय.
मागून घरघर: बेअरिंग. दिवाळीपर्यंत काढेल.
आणि कळ्याच्या पुढं सुरू झालेला
एक बारीक सुस्कारा,
त्याला अजून नाव दिलेलं नाही.

भंगारवाला म्हणाला, "एकटीच इलंस?"
आणि उत्तराची वाट न बघता
मेलेल्या पद्मिनीच्या दारातून रबर सोलू लागला,
माशाचा काटा काढावा तसा, दीड तास.
आठशे रुपये.
काच गोधडीत गुंडाळली, दोन्हीकडून उशा,
वरून माझी ओढणी गाठ मारून.
आरशात बघितलं तर मागं कुणी झोपलंय असं वाटे.
खड्डा आला की मी "सांभाळ" म्हणायचे.

करूळ घाटात, चढावर, दुपारी दोनला
सुस्काऱ्याला नाव मिळालं: रेडिएटर.
काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ.
चाकामागं दगड लावला. झाकणाला हात नाही लावला;
मिस्त्रींच्या मनगटावरचा डाग मी पाहिलेला आहे.
पाऊण तास ती निवत राहिली,
मी समोर कठड्यावर.
एकमेकींना काही बोललो नाही.

टपरीतून तानूबाई आली. वाकून बघितलं.
"कुठनं गळतंय?"
"खालनं. जाळीतनं."
"थांब, मी आणतो," म्हणाली आणि आणला
हळदीचा डबा. तिला कुणी शिकवलं होतं,
कोण इथं असंच अडकलं होतं, सांगितलं नाही.

तीन मुठी, घागरभर पाण्यात कालवून.
इंजिन चालू केलं.
हळद आतल्या आत फिरली असेल नळ्यांतून,
भेगेपाशी थबकली असेल, बसली असेल.
थेंब थेंब. मग थेंब.
मग नुसता ओला डाग, पिवळा,
आणि घाटभर वास.

तानूबाईनं बॉनेटकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग पुन्हा बॉनेटकडं.
"लागली म्हणायची हिला एकदाची हळद."
मी हसले. हसता हसता हाताकडं लक्ष गेलं:
कोपरापर्यंत पिवळे,
नखांत ग्रीस.
म्हणजे अर्ज काही खोटा नव्हता.

चहाचे पैसे घेतले तिनं. हळदीचे नाही.

काच अजून बसलेली नाही.
जुनं रबर बसवताना तुटलं, नवं येतंय म्हणे,
मिस्त्रींचा नातू रोज "उद्या" म्हणतो.
गोधडी मागच्या सीटवर तशीच आहे,
प्लायवूडही तसंच.

फक्त गाडी तापली की वास येतो.
दसरा चौकात सिग्नलला थांबले
की शेजारचा मोटारसायकलवाला
मान उंच करून
मांडव शोधतो.