भाता

आन्सगार त्वेतनेसांबद्दल विचारायला आलात ना,
मग आधी बूट काढा, चुलीजवळ बसा.
पुतळ्याचं मला विचारू नका.
पुतळ्यात त्यांना उंच केलंय
आणि हातमोजे काढून घेतलेत.
हातमोजे ते काढत नसत. करड्या लोकरीचे,
बोटांची टोकं कापलेले. ऑर्गनवर बसले तरी तेच.

मी बारा वर्षांची होते.
चर्चमध्ये वाजवणारे ते,
आणि फळ्यांच्या भिंतीमागे भाता तुडवणारी मी.
रविवारचे चार ओरे.
भिंतीला एक भोक होतं, त्यातून दिसायची
त्यांची मान, कॉलरला उसवलेला दोरा.
लोक ज्याला संगीत म्हणत
ते मला पायांत कळायचं:
जाड नळ्या बोलल्या की पोटऱ्या भरून येत,
बारीक नळ्या म्हणजे उतार, तिथे जरा दम खायचा.

लाइपझिगला शिकून आलेला माणूस,
येन्टॉफ्ट शेठच्या सुक्या माशांच्या पैशावर.
क्रिस्तियानियात त्यांची सिंफनी वाजली,
एकदाच.
लोक खोकत होते म्हणे,
आणि दुसऱ्या दिवशी पेपरात
बुडालेल्या बोटीला जास्त जागा मिळाली.
मग ते परत आले आणि शेठच्या गोदामात हिशेब लिहू लागले.
त्याच वहीच्या कोऱ्या पाठीवर सूर.
दिव्यासमोर पान धरलं तर
किलो आणि सूर एकमेकांतून दिसतात.
तुमच्या संग्रहालयात काचेखाली ठेवलंय ते. दिव्यासमोर कोण धरणार?

सूर्य दोन महिने फिरकत नाही त्या दिवसांत
घटसर्पानं त्यांची लेक गेली.
सुनीवा. पाच वर्षांची, तोतरी, माझी टोपी पळवणारी.
जमीन दगड झालेली, कुदळ ठिणग्या काढायची.
पेटी मे महिन्यापर्यंत होडीघरात राहिली,
जाळ्यांच्या शेजारी.
ते रोज तिकडून चालत यायचे.
लांबचा रस्ता होता तो.

मे महिन्यात त्यांनी जे वाजवलं ते नवीन होतं.
चढण, चढण, आणखी चढण,
आणि एकदम काही नाही.
मला वाटलं संपलं. पाय काढला.
भिंतीवर मूठ आपटली त्यांनी.
नंतर बाहेर, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"मी थांबलो तरी तू थांबायचं नाहीस.
भात्यात वारा नसला तर ती शांतता नव्हे,
कुलूप लावलेलं घर.
मला भरलेली हवी."

त्यानंतर एकवीस वर्षं
मी त्यांची शांतता तुडवली.
बाहेर काठ्यांवर टांगलेले कॉड
वाऱ्यानं एकमेकांवर आपटायचे, लाकूड लाकडावर,
आत कुणी श्वास सोडत नसे,
आणि माझा पाय खाली, वर, खाली.
किती वेळ? ते काही मोजत नसत.
मीही नाही. गुडघ्याला कळायचं.

आता विजेची मोटर आहे. तिला गुडघा नाही.

त्या जागी वहीत आकडा नाही म्हणता,
नुसतं एक अक्षर आहे, 'र'.
बर्गनच्या एका प्राध्यापकानं त्यावर साठ पानं लिहिली, ठाऊक आहे मला.
माझं नाव राग्नफ्रीद. म्हणून तुम्ही इतके जिने चढून आलात.
पण ऐका, त्यांनी मला नावानं
कधी हाक मारली नाही. "ए, भाता" म्हणायचे.
'र' काहीही असेल. एखादा जर्मन शब्द.
किंवा रसीद लिहायला घेतली आणि विसरले,
हिशेबाचीच वही ती.

कॉफी घ्या, निवतेय.
बुधवारी रेडिओवर लागतं कधीकधी ते.
चांगलं वाजवतात, खोटं कशाला बोलू.
फक्त त्या जागेवरून लवकर निघतात.
पुढचा सूर येतो
आणि टेबलाखाली माझा पाय
अजून वरच असतो.