कायबी

जयमाला सूतगिरणीत दुसऱ्या पाळीला लागली
त्याला आज बारावा दिवस.
तीनला जाते. कंपनीची गाडी तिला
सव्वाअकराला कुपवाड फाट्यावर सोडते.
मधलं स्वयंपाकघर माझं.

सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळद तोलतो,
एकोणीस वर्षं.
कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळा होऊन घरी येतो.
क्विंटलच्या खाली मला हिशेब येत नाही
आणि फोनमधली बाई म्हणते,
'पाव चमचा हळद.'
पाव?
मी नुसती बाही झटकली तरी भागेल.

फोन जयमालाचा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला.
पिठाच्या डब्याला टेकवून उभा करतो.
'नमस्कार मैत्रिणींनो,' बाई म्हणते.
मी नमस्कार करतो.
'आज घरात असेल त्यातच झटपट काहीतरी,'
असं म्हणून काजूची पेस्ट काढते.
घरात आहे: दोन कांदे, वाटीभर अख्खा मसूर,
कृष्णाकाठचं एक वांगं, देठाशी मऊ पडलेलं,
आणि बरणीभर कांदा-लसूण मसाला,
जो बाईच्या गावीही नाही.
'चवीपुरतं मीठ.' कुणाच्या चवीपुरतं?
'रंग बदलेपर्यंत परता.'
बाई, मला एका पिवळ्याच्याच सात जाती ओळखू येतात,
कुठला रंग ते तरी सांगा.

सुजयला विचारलं, 'काय करू रे?'
वहीतून मान वर न काढता म्हणाला,
'करा की कायबी.'

आवाज माझाच होता.
चौदा वर्षं, संध्याकाळी साडेसहाला,
ती आतून विचारायची, 'आज काय करू ओ?'
आणि मी चपला काढता काढता
हेच.
कायबी, म्हणजे मसूर नको, कालच झाला.
म्हणजे दोडका नको, कधीच.
म्हणजे भाकरी तव्यावरची, भात मोकळा,
आणि परत विचारू नको.
इतक्या अटी पोटात घेऊन फिरणारा इतका लहान शब्द
रुमालाखालच्या सौद्यातसुद्धा मी ऐकला नाही.

फोनवर 'सो' एवढंच टाइप केलं
तर फोनच पुढं बोलायला लागला:
सोपी भाजी रात्रीची
सोपी आमटी डाळ न शिजवता
सोललेला लसूण किती दिवस टिकतो
'आ' टाकला:
आमटी खारट झाली तर
आज रात्री जेवायला काय करू
आज काय करू

मला वाटायचं, तिला येतं.
पाण्याला उताराकडं जाणं येतं, तसं.

मग बाराखडीच लागली मला.
'शि': शिळ्या भाकरीचं काय करावं
'दो': दोडका कळणार नाही असा कसा घालावा
(म्हणजे मी खाल्लाय. किती वेळा, देव जाणे.)
'ए':
एकटीपुरता भात किती

हे कुठल्या रात्रीचं?
तारीख नव्हती.
सौदे लांबले म्हणून यार्डातच पोत्यांवर झोपलो, तेव्हाचं?
की मी घरात होतो,
आणि जेवलो नव्हतो, बोललो नव्हतो, त्या आठवड्यातलं?
तो आठवडा मी विसरलो होतो.
मसूर उतू गेला तेव्हा भानावर आलो.

भाकरी मला येत नाही.
कोपऱ्यावरच्या मालनताईंकडून शाळूच्या सहा आणल्या, फडक्यात.
भात टाकला. वाटीनं मोजायला घेतला,
मग वाटी ठेवून दिली.

ती आली. केसांत कापसाचे तंतू.
ताटावर बसून पहिला घास नुसता हुंगला.
'फोडणी करपलीय जरा,' म्हणाली.
'कुणाचं बघून केलं?'
'एका बाईचं.'
'बरं सांगते का?'
'सांगत काही नाही. विचारते नुसती.'

तिनं माझ्याकडं बघितलं, मग भात वाढून घेतला, दुसऱ्यांदा.
तरी पातेल्यात दीड माणसाचा उरला.
त्यावर ताट झाकलं, दिवा घालवला,
आणि अंधारात
'शिळ्या भाताचं' एवढं टाइप केलं.
पुढचं तिनं आधीच विचारून ठेवलं होतं.