एकेरी झडप

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर,
एक्झॉस्ट पंख्यामागे साळुंकीनं बिऱ्हाड केलंय.
बलुची माहगंजबाई म्हणतात, काढ, पण मारू नकोस;
नवरा गेल्यापासून पहाटे तीच हाक देते.

शिडी लावतो. भोकाला कान.
पिल्लं असली तर महिनाभर हात लावायचा नाही,
हे कंपनीच्या कागदात नाही, शाजूनं शिकवलेलं.
आवाज एकटीचाच.

मग बाहेरून प्लास्टिकची झडप:
आतून ढकलली की उघडते,
बाहेरून चोच मारा, पंख आपटा,
नाही.

तीन दिवसांनी घरटं पिशवीत.
खजुराच्या काड्या, लाँड्रीची चिठ्ठी,
आणि मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गॅलरीला
मीच ठोकलेल्या जाळीचा हिरवा तुकडा.

ती समोरच्या डिशवर. मान तिरकी.
शिव्या देते त्या अगदी
गुहागरला बहिणीच्या गोठ्यावर ऐकलेल्या.
कुठनं गं आलीस एवढ्या लांब?
माहगंजबाई चहा घेऊन उभ्या: तुमच्याकडूनच की.

भोकाला जाळी. चार स्क्रू, वर सिलिकॉन.
फॉर्म भरतो: पक्षी एक. इजा नाही.
'कुठे गेला' या रकान्यापाशी
पेन थांबतं.
डिशवर आता कुणी नाही.
चहात वेलची जास्त झालीय.