नांगर

मळ्यात टिलरचा फाळ वाकला.
उकरलं तर दगड, माणसाच्या छातीएवढा,
वर एक भोक, खाली दोन.
इब्राहिम नाखव्यानं भोकात मनगट घातलं
नि म्हणाला, तांडेल, हा नांगर आहे.
नांगराला नांगर लागला.

खाडी इथून पाऊण कोस.

मी तांडेल. माझ्या सात पिढ्यांत
शिडाला हात लावलेला कुणी नाही.
तो नाखवा. पंप दुरुस्त करतो,
होडीत बसला की त्याला मळमळतं.
सातबाऱ्यावर या मळ्याचं नाव गोदी.
तलाठ्याला वाटायचं, कुणी बाई असेल.

मग पुण्याहून एक मुलगी आली, लांब नळी घेऊन.
चिखलात उभी खुपसली, बाहेर काढली,
बांगडा चिरावा तशी चिरली.
तळाला काळं, कुजकं, कांदळाचा वास अजून धरून.
त्यावर कालवांच्या शिंपा.
त्यावर तांबूस रेती, दोन बोटं जाड.
हे काय?
पाऊस उणा पडत गेल्याची वर्षं, म्हणाली.
शंभर असतील, कमी-जास्त.

दोन बोटं.
त्यात घाटावरचे बैलांचे तांडे थांबले असतील.
आधी कापूस आटला, मग तूप,
मग नुसती माणसं उतरली, पोट हातात धरून.
डोंगर उघडा पडला,
एकेका झडीनं खाली आला
नि बंदरात बसला.
गलबतं पुढच्या खाडीत गेली.
त्यांच्यामागून सराफ, दोरखंडवाले, मग कलावंतिणी.
राहिले ते, ज्यांना जाता आलं नाही.
त्यांनी गाळाला बांध घातला,
खारट चिखलात भात टाकून पाहिलं.
तीन वर्षं उगवलं नसेल.
चौथ्या वर्षी कुणा बाईनं
मूठभर तांबडा तांदूळ रटरटवला असेल.
आम्ही तिचे.

याची बखर नाही. आडनावं आहेत.

गेल्या उधाणाला बांध पाझरला.
वाफ्यात खेकडे.
कडेला कांदळाचं रोप, दोन पानांचं. उपटलं नाही.
पाणी परत येतंय काका, मुलगी म्हणाली होती,
या खेपेला शंभर वर्षं नाही लागायची.
इब्राहिम हसला, म्हणजे जुना धंदा शिकायला हवा.
आणि नुसत्या विचारानं त्याला मळमळलं.

नांगर बांधावर उभा केलाय.
भोकातून दावं ओवलं की म्हैस जागची हलत नाही.
काल रात्री भरतीला ती उठली,
खूर ओले,
दगडाभोवती हळूहळू फिरली, होडी फिरते तशी,
आणि पाण्याकडे तोंड करून थांबली.