एकेचाळीस नंबर

या रस्त्याची मला माहिती होती ती पायऱ्यांपर्यंतची.
नऊ ते तेरा, चार हिवाळे,
खांद्याला कॅनव्हासची पिशवी,
संध्याकाळचा पेपर, छप्पन्न घरं,
आणि डनेडिनची ही चढण, जिच्यावर सायकल
चालवायची नसते, ओढायची असते.

कुठल्या फाटकाची कडी आधी उचलून मग ढकलायची,
कुठला कुत्रा नुसताच भुंकतो
(तेवीसचा नुसता भुंकत नसे,
पोटरीवर पुरावा आहे अजून),
कुणाच्या पत्रपेटीत गोगलगायी पेपरच्या कडा खातात,
हे सगळं विचारा.
आतलं विचारू नका.
दारं उघडत ती शुक्रवारी, पैशांपुरती, वीतभर,
आणि त्या वीतभर फटीतून
मटणाचा वास, टीव्हीतल्या हशाचा तुकडा,
ऊब, एका गालापुरती.

एकेचाळीस नंबर मिसेस टर्नबुलचा.
पैसे मोजून. वर गोळी नाही की शब्द नाही.
"फाटक लाव," एवढंच.
मी लावायचो, मनातल्या मनात आपटून.

आता ते फाटक माझ्या नावावर आहे.
म्हणजे बँकेच्या. तीस वर्षं.
शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी त्र्याहत्तरचा असेन,
आणि फाटक, एजंट म्हणाला,
त्याच्या खूप आधी बदलावं लागेल.

सिनाच्या माणसांनी, चुलत, मावस, चर्चमधली,
एका शनिवारात आमचं सामान टेकडीवर चढवलं.
तिच्या काकांनी प्रत्येक खोलीत
सामोअनमध्ये प्रार्थना म्हटली, संडासातही,
तिथलं छत सगळ्यात जास्त गळतं म्हणून.
इस्ला मोज्यांवर घसरत गेली
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि ओरडली, "बाबा, हे लांब आहे!"

मग स्वयंपाकघराची खिडकी.
जाहिरातीतल्या फोटोंत ती नव्हती.
नळाच्या समोर, हातभर रुंद,
भांडी घासताना नजर जाते नेमकी तिथे.
खाली टेकडी उतरते, आणि उतारावर पहिलंच
आमचं घर. भाड्याचं. त्याची पाठ:
कपड्यांची दोरी, कोळशाची खोली,
आणि ती खिडकी, जिला आम्ही कधी पडदा लावला नाही,
कारण मागे टेकडी, आणि आई म्हणायची,
टेकडीला कुठे डोळे असतात.

रविवारी आई आली. कोट काढता काढता
एक हात बाहीतच राहिला तिचा.

वर्कशॉप बंद झालं तो हिवाळा.
वडील टेबलाशी कोट घालूनच बसायचे.
वीज कापलेली. धाकटीला सांगितलं होतं,
आपण तंबूत राहायचा खेळ खेळतोय.
मेणबत्तीच्या उजेडात आम्ही फार हसायचो.

आणि जुलैत मागच्या दाराशी कोळशाचं पोतं.
तीनदा. सुतळीने बांधलेलं. चिठ्ठी नाही.
आईने चर्चमध्ये विचारलं, ते म्हणाले, आम्ही नाही.
वडिलांनी पहिलं पोतं दोन दिवस दारातच राहू दिलं.
तिसऱ्या रात्री नळ गोठला, तेव्हा
त्यांनी गाठ सोडवली. कापली नाही, सोडवली.

इथल्या शेडमध्ये खिळ्याला सुतळीचं एक गुंडाळं आहे.
सुतळी काय, सगळीकडे सारखीच असते.

त्याच हिवाळ्यात मी तिचा पेपर
मुद्दाम ओल्या पायरीवर टाकला होता.
दोनदा.

"म्हणजे इथून दिसायचं सगळं," आई म्हणाली,
आणि धुतलेला कप तिने पुन्हा धुवायला घेतला.

पडदेवाल्याला मी सगळ्या खिडक्यांची मापं दिली,
ही सोडून. सिना म्हणते,
नळासमोर कशाला पडदा, ओला होईल.
दोघांचं कारण तेवढंच आहे.

खाली आता दुसरे भाडेकरू आहेत.
सहा वाजता त्यांचा दिवा लागतो,
एक बाई, पातेलं, टेबलाखाली कुणाचे तरी पाय.
मी बघतो, मग हाताकडे बघतो, मग बघतो.

दार वाजलं. इस्ला असणार.
मी न वळताच म्हणालो,
"फाटक लाव."