पंधरा पैसे

मोटारसायकल एकोणऐंशीची, मी ब्याऐंशीची.
शिवडीच्या गोदी वसाहतीतून आणली,
भिकाजी केळुसकरांकडून.
क्रेन चालवायचे ते. आता गुडघे चालत नाहीत.

शिवडी ते परळ, तीन सिग्नल.
तिसऱ्याला गाडी जड झाली,
कुणी मागून पदर धरावा तशी.
उतरून पुढच्या ड्रमवर ओलं बोट टेकवलं:
चर्र.
आई इस्त्री अशीच पाहायची.

इस्पितळात मी एक्स-रे काढते.
श्वास रोखून धरा, सांगते लोकांना.
मग सांगते, सोडा.
बरेच जण दुसरं ऐकायचं विसरतात.

रविवारी, बिल्डिंगच्या टाकीशेजारी,
गाडी विटांवर चढवली, चाक हातानं फिरवलं.
एक फेरी. अर्धी. थांबलं.
उघडलं तर आत काजळीसारखी पूड,
लायनर काचेगत चकाकणारे.
त्यांना पॉलिशपेपर मारला.
कॅम हलेना, जुन्या ग्रीसचा डिंक झालेला.
रॉकेलात भिजवला, पुसला, नखभर नवं ग्रीस,
जास्त नको, जास्त झालं की लायनरवर उतरतं.
दोन्ही स्प्रिंगा नव्या.
सगळं परत बसवलं, हात धुतले, आणि मगच फिरवलं
(आधी हात धुतले, का कोण जाणे).
एक फेरी. अर्धी.

दुसऱ्या मजल्यावरून पेडणेकर म्हणाले,
स्कूटर घ्या हो, बटणावर चालते.
मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

हुसेन मुकादम रे रोडहून आला.
चहा नको म्हणाला, मग घेतला.
चाकाकडे पाहिलंच नाही त्यानं.
हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं,
दोन बोटांत केबल धरून राहिला, नाडी धरावी तसा.
"लागत नाही तो ब्रेक सोपा, बाई.
सुटत नाही त्याच्यापाशी बसावं लागतं."
आणि लिव्हरजवळची रबरी टोपी मागे सारली.

तिथे तीन नाणी.
पाच पैशांची, चौकोनी, अ‍ॅल्युमिनियमची,
प्रत्येकाला करवतीनं मधोमध चीर,
केबलवर अडकेल इतकीच.
एकेका नाण्यानं केबल तेवढी ताठ,
ब्रेक तेवढा चाकाला टेकून.

फोन काकूंनी उचलला.
नाणी म्हटल्यावर कढईतलं परतणं थांबलं.
"पयला घातलंय तेंचा बायपास झाला तेव्हा.
ऐकूचेच नाय. सरंग्यापायी ससून डॉकाक जायत,
ऐंशीच्या स्पीडात."
दुसरं?
"थोरलो झील आखातात गेलो तेव्हा."
तिसरं?
"ता कित्याक, आठवणा नाय."
आणि त्यांना कळलं नाही कधी?
"तेंका वाटला, इंजिन म्हातारा झाला."
करवत कुणी चालवली, विचारलं.
"मीच! सुरमय कापतंय मी. नाणा काय!"

नाणी काढली. लिव्हरला दोन बोटं मोकळीक ठेवली.
मुकादमनं चाकाला टिचकी दिली आणि फेऱ्या मोजू लागला.
अकरावर कंटाळला.
चाक फिरत होतं,
तारांवर ऊन, ऊन, ऊन,
आणि तो उरलेला चहा पीत होता.

फोन अजून चालूच होता, विटेवर.
"गो बाय, आयकतंस?
ती नाणी माका हाडून दी.
पंधरा पैसे आसत माजे."

संध्याकाळी शिवडी नाक्याला सिग्नल लाल.
लिव्हर दाबली. थांबले.
सोडली.
सुटला.
खिशातली नाणी इतकी हलकी
की दोनदा चाचपून पाहिली.